चपलेचा नंबर

सिझरनंतर तिसऱ्या दिवशी एकटीनं बाथरूमला जायची परवानगी मिळाली. आत आरसा होता, चेहऱ्यापासून मांड्यांपर्यंत सगळं दाखवणारा. टाके कसे दिसतात ते बघावं म्हणून गाऊन वर केला, तर टाके दिसेनातच. मध्ये पोट आलं. बाळ बाहेर पाळण्यात झोपलेलं आणि माझं पोट सहाव्या महिन्यात होतं तेवढंच्या तेवढं. तेव्हा घट्ट होतं, आता मऊ आणि ओघळलेलं. बेंबीखाली उभी काळी रेघ, दोन्ही कुशींना जांभळट चट्टे, आणि पावलांना सूज इतकी की घोटे गायब.

दुपारी नणंदेची लेक आली, चार वर्षांची. तिनं बाळ नीट निरखून बघितलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "मामी, मग आता आत कोण आहे?" सगळे हसले. मीही हसले. हसल्यावर टाके दुखले.

आत कोण होतं तर गर्भाशय. एरवी ६०-७० ग्रॅमचा अवयव नऊ महिन्यांत किलोभराचा झालेला असतो, आणि बाळ बाहेर आलं म्हणून तो काही लगेच आवरून बसत नाही. रोज सकाळी नर्स येऊन बेंबीपाशी पोट दाबून बघायची, कागदावर काहीतरी लिहायची. चौथ्या दिवशी मी विचारलं तेव्हा कळलं की गर्भाशय रोज साधारण बोटभर खाली उतरतं आणि ती ते बोटानं मोजत होती. दोनेक आठवड्यांत ते ओटीपोटात जातं, मूळ आकाराला यायला सहा आठवडे लागतात. एवढी साधी गोष्ट. पण नऊ महिन्यांत बाळाचा आकार आठवड्या-आठवड्याला सांगणारे सगळे जण यानंतरच्या दिवसांबद्दल गप्प होते. २०१३ साली ब्रिटिश राजघराण्याची सून केट मिडलटन पहिलं बाळ घेऊन दुसऱ्या दिवशी बाहेर आली तेव्हा तिच्या ठिपक्यांच्या निळ्या ड्रेसमधून पोट दिसत होतं, आणि जगभरात त्याची चर्चा झाली. काल बाळंत झालेल्या बाईला पोट आहे, ही बातमी!

मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे घरी आल्यावर पहिलं काम केलं ते हिशेबाचं. गरोदरपणात १४ किलो वाढले होते. काट्यावर उभी राहिले तर साडेपाच कमी. बाळ ३.१, वार अर्ध्या किलोच्या आसपास, बाकी गर्भजल आणि गेलेलं रक्त. इथवर जुळलं. उरलेले साडेआठ किलो कुणाच्या खात्यात टाकायचे? पुढचे दोन आठवडे रात्री अंथरूण भिजेल इतका घाम यायचा, तेव्हा उत्तराचा एक तुकडा मिळाला. गरोदरपणात शरीरात रक्त दीडेक लिटरनं वाढलेलं असतं, पेशींच्या अवतीभोवती पाणी साठलेलं असतं, ते असं घामातून आणि लघवीतून बाहेर पडतं. काही वजन छातीचं. आणि उरलेली चरबी, जिच्यावर माझा सगळा राग, ती पुढे अंगावर पाजायचं म्हणून साठवलेली. दूध तयार करायला दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात. शरीरानं तरतूद करून ठेवली होती. मी तिला थकबाकी समजत होते.

हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं. पण तेव्हा मी रडत होते. पहिला आठवडा बाळाचं नख दिसलं तरी डोळे भरायचे. दहातल्या आठ जणींपर्यंत असं होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं, असं नर्सनं घरी सोडताना सांगितलं होतं. पुढे एक वाक्य जोडलं होतं, दोन आठवड्यांच्या वर गेलं तर सांगा. ते वाक्य मी ऐकलं आणि विसरले.

टाके शेवटी तिसऱ्या आठवड्यात बघितले, फोन पोटाखाली धरून फोटो काढून. १३ सेंटिमीटरची आडवी रेघ. (हो, मोजली.) अशा आडव्या छेदाला फानेनश्टील या जर्मन डॉक्टरांचं नाव आहे, त्यांनी तो १९०० साली मांडला. पोटाचे स्नायू त्यात कापत नाहीत, बाजूला सारतात. कातडीतल्या बारीक नसा मात्र कापल्या जातात. म्हणजे झालं काय, की रेघेच्या वरचा तळहाताएवढा भाग बधिर होता. बोट फिरवलं तर स्वतःच्या अंगाला हात लावतेय हे फक्त हाताला कळत होतं, अंगाला नाही. मला त्या रेघेपेक्षा याचा धसका बसला. रेघेच्या वर कातडीची एक वळी आलेली, ती उचलून आत पुसायला लागायची, आणि पुसताना दुसऱ्या कुणाला तरी आंघोळ घालतेय असं वाटायचं. तो बधिरपणा वर्षभर हळूहळू कमी होत गेला. मध्यभागी नाण्याएवढा अजून आहे.

सहा आठवड्यांच्या तपासणीला बाळाला पंधरा मिनिटं मिळाली, मला चार. टाके भरलेत, गर्भाशय जागेवर गेलंय, सगळं नॉर्मल. मी म्हटलं, "डॉक्टर, पोट?" त्या म्हणाल्या, "जाईल हळूहळू. व्यायाम करा." कुठला, ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाहेर पुढची बाई दारात उभी होती.

मग मी तेच केलं जे फोन हातात असलेली कुणीही करते. २१ दिवसांत सपाट पोटवाला व्हिडिओ लावला. पाठीवर झोपायचं, हात डोक्यामागे, उठायचं. आठव्या दिवशी उठताना पोटाच्या मधोमध एक उंचवटा वर येताना दिसला, बेंबीपासून छातीच्या हाडापर्यंत, उलट्या ठेवलेल्या होडीसारखा. झोपले की गायब, उठायला लागले की परत. मला वाटलं स्नायू तयार होतोय. आणखी नेटानं केलं. त्याच आठवड्यात शिंक आली आणि कपडे ओले झाले. पाठ तर अशी धरली की बाळाला पाळण्यातून उचलताना आधी पलंगाला धरायला लागायचं.

नवरा म्हणाला, "मला तर तुझ्यात काही फरक दिसत नाही." मला सांत्वन करायला बोलला, कळत होतं. पण बाथरूमच्या दारातून वळताना मी ज्या पोटाला अडखळत होते ते त्याला दिसतच नसेल तर तो बघत कुठे होता? त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. "फरक दिसतो, आणि चालतो," असं म्हणाला असता तर कदाचित झालं नसतं.

पाठीमुळे फिजिओथेरपिस्टकडे गेले, आणि या सगळ्या प्रकरणात मला नीट उत्तर देणारं पहिलं माणूस तिथे भेटलं. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "गुडघे वाकवून झोपा. आता डोकं फक्त जरासं उचला." बेंबीच्या वर त्यांनी बोटं आडवी ठेवली आणि ती आत गेली. "तीन बोटं," त्या म्हणाल्या, "आता तुमची तुम्ही बघा." मी माझी बोटं ठेवली. दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा आणि मध्ये काहीच नाही, गादीच्या दोन भागांमध्ये हात जावा तसं.

पोटावर वरून खाली दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधोमध एक पट्टी जोडते. बाळ वाढतं तशी ती पट्टी ताणून पातळ होते. शेवटच्या महिन्यांत जवळजवळ सगळ्यांचंच होतं, काहींचं नंतर आपोआप मिटतं, काहींचं रेंगाळतं. याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. नॉर्वेतल्या ३०० पहिलटकरणींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला होता, त्यात सहा आठवड्यांनंतर शंभरातल्या ६० जणींना हे होतं आणि वर्षभरानंतरही शंभरात ३३ जणींना. म्हणजे मी ज्याला माझा आळस समजत होते तो तीनातल्या एकीचा आळस होता. आणि ते पाठीवर झोपून उठणं? "तूर्तास बंद," त्या म्हणाल्या. "तो उंचवटा म्हणजे आतला दाब पातळ पट्टीवर येतोय. रोज उसवायचं आणि मग शिवण टिकत नाही म्हणून रडायचं, असं चाललंय तुमचं."

त्यांनी दिलेला व्यायाम बघून मला फसवल्यासारखं वाटलं. श्वास सोडायचा, सोडताना खालचे स्नायू लघवी थांबवावी तसे वर ओढायचे, पोट हलकेच आत, मग एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा. दहा वेळा. संपलं. घाम नाही, धाप नाही. खालच्या स्नायूंचा हा व्यायाम अर्नल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ साली मांडला, इतका जुना, आणि मला तो शिंकेनंतर कळतोय. दोन महिन्यांत शिंकेचं भय गेलं. तीन बोटांची दोन झाली, पुढे दीड. पाठ सुटली. पोट मात्र बाहेरून जवळपास तसंच. मी तक्रार केली तर त्या म्हणाल्या, "मी दिसण्यावर काम करत नाहीये." वाक्य रोखठोक होतं, पण त्यानं मला बरं वाटलं. तोवर भेटलेला प्रत्येक जण माझ्या पोटाकडे दिसण्याची गोष्ट म्हणूनच बघत होता. मी धरून.

मधल्या काळात केस गेले. चौथ्या महिन्यात आंघोळीनंतर जाळीवर उंदराएवढा पुंजका बसलेला असायचा. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढल्यामुळे गळायचे केस गळत नाहीत, म्हणून तेव्हा केस दाट दिसतात आणि लोक कौतुक करतात. बाळंतपणानंतर ते सगळे साठलेले एकदम निवृत्त होतात. वर्षाच्या आत बहुतेकींचे परत येतात, माझेही आले, कपाळाभोवती आखूड, सरळ उभे, विजेचा झटका बसल्यासारखे. याबद्दल एवढंच.

एका दुपारी मी बाळाला पाजत असताना सदरा वर गेला आणि चट्टे उघडे पडले. सासूबाई समोर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. फार बोलणाऱ्या नव्हेत, अंगाबिंगाबद्दल तर मुळीच नाही. उठल्या, दार लोटलं, आणि स्वतःच्या पोटावरचं कापड बाजूला केलं. चाळीस वर्षांपूर्वीचे चट्टे. जांभळे नाहीत, चंदेरी, पाण्यावर वाऱ्यानं उमटतात तशा बारीक रेघा. "हे तुझ्या नवऱ्याचे," त्या म्हणाल्या, "आणि हे खालचे ताईचे."

मी विचारलं, "आई, वेगवेगळे ओळखू येतात?"

"छे गं. पण मी तसं धरून चालते."

घड्या घालायला परत बसल्या. विषय पुन्हा कधी निघाला नाही. कातडीच्या आतला थर ताण न सोसून फाटतो, आधी लाल-जांभळा दिसतो, मग फिका पडत पांढरा होतो. जात नाही. कुठलं मलम लावलं म्हणून तो टळतो असंही फारसं दिसलेलं नाही, आईला असतील तर लेकीला व्हायची शक्यता जास्त. या चट्ट्यांना वाघिणीचे पट्टे म्हणायची एक टूम आहे. मला ती कधी झेपली नाही. वाघीण पट्टे घेऊनच जन्माला येते, त्यात तिनं काही सोसलेलं नसतं. तसंच ते "या शरीरानं एक जीव घडवला, त्याचे आभार मान." मानले. आभार मानल्यावर वळीतली खाज थांबली नाही. एकीकडे पूर्ववत हो म्हणणारे, दुसरीकडे स्वतःवर प्रेम कर म्हणणारे, आणि दोघांनाही माझ्याकडून काहीतरी निकाल हवा होता. रात्री तीनदा उठणारीला तेवढी सवड नव्हती.

पाचव्या महिन्यात आईनं फोनवर सांगितलं, "तुझा आणि बाळाचा एक फोटो पाठव, मोठा करून लावते." मी शोधायला बसले. फोनमध्ये बाळाचे अकराशेच्या वर फोटो. मी नऊ फोटोंत. त्यातल्या सातांमध्ये फक्त माझे हात, किंवा खांदा. नवऱ्याला म्हटलं तर म्हणाला, "तूच कॅमेरा दिसला की नको म्हणतेस. चुकून काढला तर पुसायला लावतेस." खरं होतं. पाच महिन्यांचा पुरावा मी स्वतः खोडला होता.

त्या आठवड्यात फिजिओबाईंना हे सांगताना मला रडू आवरेना, तेव्हा त्यांनी एक कागद पुढे केला. एडिंबरोची प्रश्नावली, १९८७ साली बाळंतिणींसाठी तयार झालेली. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल. पहिलाच प्रश्न हसू येण्याबद्दलचा, तिथेच मी अडकले. तीसपैकी माझे १२ आले. हे निदान नसतं, पण पुढे तपासून घ्यावं असं वाटण्याइतका आकडा असतो. त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं. नर्सचं ते विसरलेलं वाक्य मला तिथल्या बाकावर बसल्यावर आठवलं.

समुपदेशक बाईंनी पहिल्या खेपेला माझ्या लहानपणाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाल्या, "एक दिवस फक्त मोजा. शरीर तपासायला किती वेळा थांबता? आरसा, काच, हात लावून बघणं, सगळं धरून." मोजणं हा माझा प्रांत. फ्रीजवर कागद चिकटवला आणि रेघा मारल्या. आंघोळीआधी आरसा. नंतर आरसा. वळी चिमटीत धरून बघणं, जाड झाली की तेवढीच. बसल्यावर कमरेचं इलॅस्टिक कुठे रुततं ते. दुकानाच्या काचेत बाजूनं. बंद टीव्हीच्या काळ्या पडद्यात. संध्याकाळपर्यंत २६. सव्वीस वेळा मी एकच खातं उघडून शिल्लक बघत होते, व्यवहार काही झालेला नसताना.

पुढच्या आठवड्यात काम एवढंच की ही संख्या कमी करायची. आवडून घ्यायचं नाही, छान बोलायचं नाही, नुसतं कमी बघायचं. इलॅस्टिक सोडून ढगळ घातलं की चार रेघा कमी. आंघोळीनंतर आरशाकडे पाठ करून कपडे घातले की आणखी तीन. महिन्याभरात सात-आठवर आले. काही भेटींनंतर ती प्रश्नावली परत भरली, ५ आले.

सातव्या महिन्यात नोकरीवर परत जायचं म्हणून कपाटाच्या तळातून ऑफिसचे बूट काढले. पाय जाईना. सूज तर केव्हाच उतरलेली. दुसरा जोड, तोही नाही. मी वाचून काढलं. गरोदरपणात सांधे सैल होतात, वजन वाढतं, पावलाची कमान जरा बसते आणि पाऊल लांब होतं, ते बऱ्याच जणींचं कायमचं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या २०१३च्या अभ्यासात ४९ बायकांची पावलं मोजली होती, त्यातल्या ६० ते ७० टक्के जणींची मोठी झाली होती. बरं, म्हटलं. दुकानात गेले, अर्धा नंबर मोठा मागितला, घातला, चालून बघितलं, पैसे दिले. दहा मिनिटं लागली असतील.

परत येताना चौकात सिग्नलला उभी होते आणि एकदम लक्षात आलं की मी रडले नव्हते. पाऊलही त्याच बाळंतपणानं वाढवलेलं, तेही परत येणार नाही, आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. जुन्या बुटांत पाय कोंबून २१ दिवस चालावं असं मनातही आलं नव्हतं. पावलाला लवकर मूळ आकाराला ये असं कुणी म्हणत नाही, म्हणून मीही म्हटलं नाही. मग कमरेनं काय घोडं मारलंय? मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला.

जुन्या दोन जीन्स सात महिने कपाटात सगळ्यात वर होत्या, रोज दार उघडलं की समोर. त्या धाकट्या बहिणीला दिल्या. तिलाही त्या घट्ट झाल्या, त्यावर आम्ही पोट धरून हसलो. नव्या पँटसाठी गेले तेव्हा नंबर न सांगता टेपनं माप घ्यायला लावलं. आधीच्या नंबरापेक्षा तीन पुढचा निघाला. लेबल आत खुपत होतं म्हणून घरी येऊन कापलं. इतर काही कारण नव्हतं, असं म्हणण्याइतकी मी अजून सुधारलेली नाही.

फोटो आता काढू देते. बघून अजूनही पोटावर नजर आधी जाते. पुसत नाही.

आता लेक अकरा महिन्यांची आहे आणि हाताला येईल ते धरून उभी राहते. परवा मी ऑफिसला निघताना ती माझ्या पँटचा कमरपट्टा दोन्ही मुठींत धरून उभी राहिली आणि सगळा भार टाकला. पँट सर्रकन खाली आली. म्हणजे मापात जरा सैलच घेतली गेली होती, किंवा मधल्या काळात झाली होती. बदलून आणायची मुदत अजून चार दिवस होती. मी पँट वर ओढली, पट्ट्याचं एक भोक आत घेतलं आणि लेकीला कडेवर घेतलं. बस चुकणार होती.